वळूच्या नावाखालचं एक अक्षर

अमेरिकेतल्या अँगस गुरांच्या वंशावळीचा कागद पाहिला, तर वळूच्या नावाखाली काही अक्षरं छापलेली दिसतात. एएमएफ, एनएचएफ, सीएएफ, डीडीएफ. पहिली दोन अक्षरं आनुवंशिक दोषाचं नाव सांगतात आणि शेवटचं चाचणीचा निकाल. एफ म्हणजे जनावर त्या दोषापासून मुक्त. एफच्या जागी सी असेल तर ते वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट, पण दोष पुढच्या पिढीत नेऊ शकणारं. हे सी उघडपणे छापावं का, आणि छापल्यावर त्या जनावराचं काय करावं, यावरून मांसासाठी गुरं पाळणाऱ्या देशांत बरीच डोकेफोड झाली आहे. माझं मत असं की ते छापावं, कुणालाही न विचारता दिसेल असं छापावं, आणि छापलं म्हणून त्या जनावराला लगेच खाटकाकडे धाडू नये. यातलं एक मान्य करून दुसरं सोडलं, तर पहिल्याचाही उपयोग राहत नाही. तसं का, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

मी पशुवैद्यक आहे. माझी सगळी उमेद दुधाच्या संकरित गाईंमागे गेली. गोमांस खावं की खाऊ नये हा इथला विषय नाही. तिकडच्या गोठ्यांत जे घडलं त्यातून आपल्या गोठ्यांना काय घेता येईल, एवढंच मला बघायचं आहे.

सुरुवात अँगसच्या आधीपासून, हेरफर्ड या मांसाच्याच दुसऱ्या जातीपासून करावी लागते. १९४०च्या दशकात अमेरिकेत आखूड पायांची, रुंद, जमिनीलगत अंग असलेली हेरफर्ड जनावरं प्रदर्शनात पहिली यायची. सगळे पैदासकार तसलीच जनावरं निवडू लागले. मग त्याच नामांकित कळपांत खुजी वासरं जन्मू लागली. कपाळ फुगलेलं, पोट सुटलेलं, वाढ खुंटलेली, आणि श्वास घेताना नाकातून घरघर. त्या आवाजावरून लोक त्यांना ‘स्नॉर्टर’ म्हणायचे. दोष सुप्त होता. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तरच वासरू खुजं व्हायचं. एकच प्रत बिघडलेली असेल तर जनावर ठणठणीत. शिवाय काही संशोधकांच्या मते अशी वाहक जनावरं अंगानं किंचित जास्त गुटगुटीत दिसायची, आणि परीक्षकांना नेमकं तेच हवं होतं. बक्षिसाचा बिल्ला नकळत दोषाच्या गळ्यात पडत होता.

वाहक ओळखायचा कसा? कपाळाचा उंचवटा मोजणारं प्रोफाइलोमीटर नावाचं यंत्र काढलं गेलं. वासरांच्या कण्याचे एक्स-रे काढून झाले. दोन्हींवर भरवसा ठेवता येईना. खात्रीचा मार्ग उरला तो पैदाशीचाच, आणि तो फार लांबचा होता. वळू ज्ञात वाहक गाईंना लावायचा, आणि १६ वासरं लागोपाठ निरोगी जन्मली तर ९९ टक्के खात्रीनं वळू मुक्त म्हणायचा. वाहक गाई हाताशी नसतील तर वळू त्याच्याच मुलींना लावायचा. तिथे तेवढ्याच खात्रीसाठी ३५ वासरं लागतात. त्या मुली जन्मायच्या, वाढायच्या, माजावर यायच्या, गाभण राहून व्यायच्या. तोवर वळूचं निम्मं आयुष्य संपलेलं असायचं.

एवढी वाट पाहण्यापेक्षा गप्प बसणं स्वस्त होतं. खुजं वासरू शेजाऱ्याच्या नजरेस पडायच्या आत संपवायचं आणि वळूच्या जाहिराती चालू ठेवायच्या, असं अनेकांनी केलं. मग बातमी फुटली की उलट टोक गाठलं जायचं. ज्या वंशाचं नाव खुज्या वासरांशी जोडलं गेलं, तो वंश बाजारातून मुळासकट उखडला जाई. वाहक वळू आणि मुक्त गाय यांच्या वासरांत सरासरी निम्मी पूर्ण मुक्त असतात. पण कोणती निम्मी, हे कुणाला सांगता येत नसल्यामुळे सगळीच्या सगळी खाटकाकडे गेली. चांगल्या माणसांचे पन्नास-पन्नास वर्षांचे कळप यात गेले. माँटाना राज्यातल्या माइल्स सिटीच्या सरकारी केंद्रात १९३४ साली सुरू केलेला ‘लाइन वन’ हा बंदिस्त कळप या दोषापासून मुक्त निघाला, आणि त्यानंतर साऱ्या हेरफर्ड जगाची धाव त्या एका कळपाकडे वळली. २००९ साली गाईचा पहिला संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तो याच वंशातल्या डॉमिनेट नावाच्या गाईचा. हा योगायोग मला आवडतो. अज्ञानापायी ज्या जातीचं एवढं वाटोळं झालं, तिच्याच एका गाईनं पुढच्यांसाठी वाचता येण्याजोगा नकाशा दिला.

आता २००८. त्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडावर अँगस पैदासकारांना कळलं की इथेतिथे जन्मणारी मेलेली, वाकडी वासरं हा एक आनुवंशिक आजार आहे. पाठीचा कणा वळलेला, पाय काठीसारखे ताठ, अंगावर मांस नाही. नाव ‘आर्थ्रोग्रायपोसिस मल्टिप्लेक्स’, बोलीत ‘कर्ली काफ’. अशी वासरं आधीही दिसली असणार. पण गाभण गाईनं सुरुवातीच्या महिन्यांत ल्युपिनसारखी विषारी वनस्पती खाल्ली तरी वासरू वाकडंच जन्मतं, आणि काही विषाणूंमुळेही तसं होतं. त्यामुळे गवताला बोल लावून मोकळं होणं सोपं होतं. ऑस्ट्रेलियातले लॉरेन्स डेनहोम, नेब्रास्का विद्यापीठातले डेव्हिड स्टेफन आणि इलिनॉय विद्यापीठातले जोनाथन बीव्हर यांनी हा धागा पकडला. बीव्हर यांच्या प्रयोगशाळेनं दोष शोधून काढला. डीएनएचा सुमारे २३ हजार अक्षरांचा एक तुकडाच गळून पडलेला होता, आणि त्याबरोबर तिथली जनुकंही. चाचणी काही आठवड्यांत तयार झाली. केसांची मुळं, रक्त, कानाचा कपचा किंवा रेतमात्रा, यातलं काहीही चालतं.

धागा जाऊन पोचला तो ‘जी ए आर प्रिसिजन १६८०’ या वळूपर्यंत, आणि त्याच्याही मागे त्याच्या आईच्या बापापर्यंत. १९९०च्या दशकात प्रिसिजनचं रेत फार खपलं होतं. त्याच्या वंशाचं मांस उत्तम प्रतीचं निघायचं, म्हणून जो तो त्याचीच कांडी, म्हणजे गोठवलेल्या रेताची नळी, मागायचा. पुढे त्याचे नातू आणि नाती एकमेकांना लावल्या गेल्या, आणि दोन बिघडलेल्या प्रती एका वासरात भेटल्या. वर्षभरात दुसरा दोष सापडला. त्यात मेंदूत पाणी साचून वासराचं डोकं अवाढव्य फुगतं. तोही प्रिसिजनपाशीच पोचला.

अमेरिकन अँगस असोसिएशननं त्या वेळी केलेली मोठी गोष्ट म्हणजे कृत्रिम रेतनात वापरल्या जाणाऱ्या वळूंचे निकाल नावानिशी उघड केले. कुणाचं नाव झाकलं नाही. नोंदणीच्या नियमांवरून खूप भांडणं झाली. वाहकांची नोंदणीच बंद करा म्हणणारे एका बाजूला, आणि आमच्या गाईंवर असा शिक्का मारू नका म्हणणारे दुसऱ्या बाजूला. पण कोणता वळू वाहक, ही माहिती मात्र सगळ्यांपुढे होती. १९५०च्या दशकातल्या हेरफर्डवाल्यांना नेमकं हेच मिळालं नव्हतं.

उघड करण्याची किंमत काहींनी जबर मोजली, हे मी नाकारत नाही. विक्री महिन्यावर आलेली, कर्ज डोक्यावर, आणि आपल्या सगळ्यात महागड्या वळूच्या नावाखाली एका सकाळी सी उमटलेला. त्या पैदासकारानं काहीही चुकीचं केलेलं नव्हतं. जगानं वाखाणलेल्या वळूचं रेत त्यानं विकत घेतलं, एवढाच त्याचा गुन्हा. अशा माणसाला ‘पारदर्शकतेसाठी सोस’ असं सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. त्याचं नुकसान कमी करण्याचा खरा उपाय म्हणजे सी या अक्षराचा अर्थ लोकांना नीट समजावून सांगणं. बाजार घाबरतो तो न समजलेल्या अक्षराला.

अर्थ असा आहे. वाहक गाय मुक्त वळूला लावली तर एकही वासरू आजारी जन्मत नाही. निम्मी वासरं वाहक, निम्मी मुक्त, आजारी शून्य. कान टोचून चाचणी केली की मुक्त वासरं वेगळी काढता येतात, आणि त्या गाईचे बाकीचे गुण, म्हणजे सहज विणं, दूध, खूर, स्वभाव, हे सारं दोष वगळून पुढे नेता येतं. दोन वाहक एकमेकांना लावले तरच चारात एक वासरू आजारी. म्हणजे टाळायचा आहे तो जोडा. जनावर टाळायची गरज नाही. समजा, कळपातल्या शंभर गाईंपैकी दहा वाहक आहेत आणि वळूही वाहक आहे. मग शंभर वासरांत सरासरी अडीच मरणार. तोच वळू मुक्त असेल तर त्याच गाईंकडून एकही मरणार नाही, आणि दहाही गाई दावणीला राहतील.

वाहकांना सरसकट काढून टाका म्हणणाऱ्यांना मी आणखी एक विचारेन. कितव्या दोषापर्यंत काढणार? प्रत्येक जनावरात, प्रत्येक माणसातही, काही बिघडलेली सुप्त जनुकं असतातच. अँगसमध्ये दोन दोषांपासून सुरुवात झाली. मग ‘फॉन काफ’ आला, ज्यात वासराचे सांधे आखडलेले असतात पण ते जगू शकतं. मग जास्तीचे पाय घेऊन जन्मणाऱ्या वासरांचा दोष आला. शिवाय ठिसूळ हाडांचा, खुजेपणाचा. तपासाची साधनं सुधारत जातील तशी ही यादी वाढतच जाणार. दर नव्या चाचणीमागे कळपाचा एक हिस्सा कापत गेलो, तर शेवटी उरतील ती एकमेकांची सख्खी-चुलत भावंडं, आणि पुढचा दोष त्यांच्यातूनच उफाळून येईल.

बेल्जियन ब्लू या जातीची गोष्ट मला इथे सांगितलीच पाहिजे, कारण ती माझ्याच मताला अडचणीत आणते. दुप्पट स्नायूंसाठी ही जात प्रसिद्ध आहे. मायोस्टॅटिन हे स्नायूंची वाढ आवरणारं जनुक तिच्यात बिघडलेलं आहे, हे १९९७ साली कळलं. हा बिघाड तिथल्या लोकांना हवासा आहे. त्यावरच त्यांचा धंदा उभा आहे. त्यापायी बहुतेक गाई पोट चिरूनच वितात, हे मला स्वतःला पटत नाही. पण खरा पेच पुढे आहे. याच जातीत वाकड्या शेपटीचा एक आजार पसरला. त्यात वासराची वाढ खुंटते, स्नायूंना पीळ पडतो, काही लवकर मरतात. २००९ साली त्याचं जनुक सापडलं, तेव्हा जातीतलं साधारण चारातलं एक जनावर वाहक निघालं. इतकं का पसरलं? कारण एकच बिघडलेली प्रत असलेली जनावरं अंगानं जास्त भरदार होती. पैदासकार डोळ्यांनी उत्तम जनावर निवडत होते आणि दर निवडीबरोबर दोष वाढवत होते. हेरफर्डच्या खुज्या वासरांचाच हा प्रकार, फक्त या वेळी पुरावा रेणूंच्या पातळीवर हाती आला.

इथे ‘फक्त माहिती द्या, बाकी शेतकऱ्यावर सोडा’ हे माझं म्हणणं अपुरं पडतं. वाहक असण्यातच पैसा असेल, तर माहिती मिळाल्यावरही माणसं वाहकच निवडतील. अमेरिकेत प्रदर्शनासाठी वासरं तयार करणाऱ्यांत शॉर्टहॉर्न वंशातल्या टिबियल हेमिमेलिया या दोषाचे वाहक वळू निकाल ठाऊक असूनही वापरले गेले. त्या दोषात मागच्या पायाचं हाडच नीट तयार होत नाही. म्हणून मी वळू आणि गाय यांत भेद करतो. गाय आयुष्यात आठ-दहा वासरं देते. ती वाहक असली तरी मालकाच्या गोठ्यात राहू द्यावी. कृत्रिम रेतनाच्या वळूपासून हजारो-लाखो कांड्या भरल्या जातात आणि त्या अनोळखी माणसांच्या गोठ्यात जातात. त्याची चाचणी सक्तीची हवी. जीवघेण्या दोषाचा वाहक असेल तर त्याच्या गुणांना तोड नाही असं सिद्ध झाल्याशिवाय त्याचं रेत बाजारात येऊ नये. आणि आलंच, तर कांडी घेणाऱ्याला ते आधी कळलं पाहिजे. नंतर नव्हे.

चाचणीनं एक गोष्ट मात्र सुटत नाही, आणि तिच्याबद्दल पैदाससंस्था कमी बोलतात. अनर्थ झाला तो केवळ प्रिसिजनमध्ये दोष होता म्हणून नव्हे. तसा दोष हजारो वळूंत असतो आणि त्यांच्याबरोबर निमूटपणे संपतो. प्रिसिजनचा वापर इतका झाला की त्याच्या वंशजांना एकमेकांवाचून दुसरा जोडीदार मिळेना, म्हणून दोष उघडा पडला. चाचणी ज्ञात दोष पकडते. एका वळूवर सगळ्या जगानं भाळण्याची सवय तिला मोडता येत नाही. एका वळूपासून किती संतती नोंदवायची यावर मर्यादा घालणं, जोडा ठरवताना रक्तसंबंधाचं प्रमाण सांगणं, ही कामं चाचणीइतकीच महत्त्वाची आहेत. पण मर्यादा म्हणजे लोकप्रिय वळूच्या कमाईला कात्री, म्हणून हे बोलायला कुणी तयार होत नाही.

हे सगळं आपल्या दारातही आलेलं आहे. आपल्या संकरित गाईंमध्ये होल्स्टिन या विदेशी दुधाळ जातीचं रक्त आहे, आणि होल्स्टिनची गोष्ट अँगसहून मोठी आहे. १९६२ साली जन्मलेल्या ‘पॉनी फार्म आर्लिंडा चीफ’ या वळूला १६ हजार मुली झाल्या. त्याच्या वंशजांनी दुधात घातलेल्या भरीची किंमत संशोधकांनी सुमारे ३ हजार कोटी डॉलर धरली आहे. त्याच वळूकडून एपीएएफ१ या जनुकातला बिघाडही आला. दोन बिघडलेल्या प्रती मिळालेला गर्भ पोटातच मरतो, वासरू कधी दिसतच नाही. जगभरात असे पाच लाखांहून जास्त गर्भ गेले आणि सुमारे ४२ कोटी डॉलरचं नुकसान झालं, असा अंदाज आहे. हा दोष २०११पर्यंत कुणाच्या ध्यानात आला नव्हता, कारण पुरायला मेलेलं वासरूच नव्हतं. गाय फक्त उलटायची, म्हणजे रेतन करूनही पुन्हा माजावर यायची.

गाय उलटली की आपल्याकडे दोष कुणाला जातो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. आधी रेतन करणाऱ्याच्या हाताला, मग नायट्रोजनच्या भांड्याला, मग खनिज मिश्रणाला. बऱ्याचदा तेच कारण असतंही. पण जोड्यातच खोट असू शकते हा विचार शेतकऱ्याच्या मनात येत नाही, कारण तसा विचार करायला लागणारी माहिती त्याच्यापर्यंत पोचतच नाही. काही वर्षांपूर्वी एका गोठ्यात पाय आखडलेलं मेलेलं वासरू मी ओढून काढलं. मालकानं एकच प्रश्न केला, “डॉक्टर, कांडी कुठल्या वळूची होती?” रजिस्टरमध्ये नंबर सापडला. त्या नंबरावरून पुढे काहीही कळू शकलं नाही. वासरू विषाणूनं गेलं की वंशानं, हे आजही मला ठाऊक नाही. त्या माणसानं पुढच्या वेळी त्याच वळूची कांडी भरली की नाही, तेही ठाऊक नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. रेतकेंद्रांसाठी केंद्र सरकारची किमान मानकं आहेत, आणि होल्स्टिन वळूंची बीएलएडी, सिट्रुलिनिमिया, डम्प्स आणि फॅक्टर ११ची कमतरता या दोषांसाठी तपासणी त्यात धरलेली आहे. कांडीवर केंद्राचा संकेत, जात, वळूचा नंबर, तारीख छापलेली असते. गाईच्या कानात १२ अंकी बिल्ला असतो आणि त्याची नोंद ‘भारत पशुधन’ या प्रणालीत होते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते देशी गुरांसाठीच्या जनुकीय चिपचं, म्हणजे डीएनए तपासण्याच्या साधनाचं, अनावरण झालं; तिचं नाव ‘गौ चिप’. ही चिप प्रामुख्यानं चांगला वळू लवकर ओळखण्यासाठी आहे, आणि माझी भीती तिथेच आहे. चांगला वळू लवकर ओळखता आला की त्याचा वापरही लवकर आणि अफाट होणार. गीर, देवणी, लाल कंधारी, खिल्लार यांचे कळप होल्स्टिनच्या तुलनेत मूठभर. मूठभर गाईंना चिपनं निवडलेले पाच-सहा वळू पुन्हा पुन्हा लावले, तर अँगसनं जे वीस वर्षांत भोगलं ते आपण त्याहून लवकर भोगू.

म्हणून माझी मागणी छोटी आणि नेमकी आहे. रेतकेंद्रातल्या प्रत्येक वळूच्या जनुकीय तपासण्यांचे निकाल, मुक्त असो की वाहक, त्याच्या नंबरासोबत सगळ्यांना वाचता येतील असे मराठीत ठेवावेत. त्याच्या आईबापांची नावं आणि आजवर भरलेल्या कांड्यांचा आकडाही शेजारी असावा. रेतन करायला आलेल्या माणसानं भांड्यातून कांडी काढली, की गाईच्या कानातला बिल्ला आणि कांडीवरचा नंबर एकत्र टाकून ‘हा वळू या गाईचा बाप आहे’ किंवा ‘आजा आहे’ एवढं तरी मोबाइलवर उमटलं पाहिजे. दोन्ही नोंदी सरकारकडे आहेत. त्या एकमेकींशी जोडायच्या बाकी आहेत.

हे सगळं तेव्हा असतं, तर त्या गोठ्यातल्या मालकाच्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं असतं.